काशीआतेच्या हातातला आरपार पाईप

कट्टा, माघ महिना, १९५८

प्रिय भाई यास,

मामेभाऊ लवूचा दंडवत. इकडे माणसं, गुरं आणि सुशीलेची दाढ अशी सगळी ठीक आहेत. (दाढ काढली, म्हणून ठीक.) खानावळीच्या जेवणानं तुझं पोट बिघडलं होतं, ते आता जाग्यावर आलं असेल. आलं नसेल तर आराम पडेपर्यंत हे पत्र वाचू नकोस, कारण यात तुझ्या मातोश्रींची हकिगत आहे आणि ती उभ्या उभ्या वाचण्यासारखी नाही.

तुझे गोदीतले बडे साहेब निवृत्त होणार, त्यांना हातानं घडवलेला पाईप भेट द्यायचा, आणि तो पसंत पडला तर जाता जाता ते मला सुतारखान्यात चिकटवतील, असं तू लिहिलंस. तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. सड्यावरचं एक जुनं करवंदीचं मूळ खणून काढलं. ते एवढं कठीण, की पटाशीनं हात टेकले. पण घासूनपुसून तेल पाजल्यावर आतून अशा तांबूस रेघा उमटल्या, की भाई, मी सुतार असूनही बघत राहिलो. कुणी माणसानं काढलेल्याच नव्हेत त्या. दत्ताराम हॉटेलवाल्यानं तर पाईप हातात घेण्याआधी धोतराला हात पुसले. (कपाला हात लावण्याआधी तो पुसत नाही.)

मग भोक पाडायची वेळ आली. तंबाखूची वाटी आधीच कोरली होती. दांड्यातून तिरकं भोक न्यायचं आणि वाटीच्या तळाशी थांबायचं, एवढंच. मी गिरमीट लावलं, देवाचं नाव घेतलं आणि फिरवत गेलो. देवाचं नाव जरा लांब झालं असावं. वाटी ओलांडून गिरमिटाचं टोक पुढून बुडाशी बाहेर आलं. तुझी वहिनी सुशीला दारात तांदूळ निवडत होती. तिनं पाईप घेतला, दांड्याला डोळा लावला आणि शांतपणे म्हणाली, "माका आरपार गाय दिसता."

सुतारखाना, मुंबईची खोली, सगळं त्या भोकातून गाईकडे निघून गेलं होतं. मग सावंतवाडीला जाऊन खेळण्यांवर चढवतात ती लाख आणली आणि भोक बुजवलं. दिसायला फार सुरेख झालं. ओढून बघायला दत्ताराम पुढे झाला. तिसऱ्या झुरक्याला लाख वितळली आणि थेंब थेंब त्याच्या मांडीवर पडली. त्यानंतर तो मला चहा देतो, पण दुधाला हात लावत नाही.

निदान विकून टाकावा म्हणून बाजाराच्या दिवशी एस्टीच्या थांब्याजवळ बसलो. एकानं विचारलं, वासराला औषध पाजायची नळी का? मी हो म्हणणार होतो (तेवढी अक्कल मला तोवर आली होती), पण त्यानं बुडाचं भोक पाहिलं आणि वासराच्या वतीनं नकार दिला.

परत येताना तुझ्या घरी डोकावलो. तुझे आप्पा गेल्यापासून काशीआतेनं उंबरठा ओलांडलेला नाही, हे तुला ठाऊकच आहे. चूल पेटवायची, दोन घास खायचे, भिंतीला टेकून बसायचं. विचारलं तर हूं म्हणायचं, तेही मागाहून. मी पाणी मागितलं आणि पाईप बाजूला ठेवला. ती तांब्या घेऊन आली, आणि भाई, तांब्या तिच्या हातातच राहिला. आप्पांचा पाईप त्यांच्याबरोबर चितेवर ठेवला होता, त्यानंतर तिनं पाईप पाहिलेला नव्हता.

तिनं तो उचलला. उलटा केला. बुडाच्या भोकावर करंगळी ठेवून पाहिली आणि माझ्याकडे हात पसरला. मी निमूट चार विड्या मोडून दिल्या. तिनं अंगठ्यानं तंबाखू हलकेच चेपली, चुलीतला निखारा चिमट्यानं आणून वर धरला आणि ओढलं. (माझी आते. जिच्यासमोर मी अजून विडी लपवतो.) तोंडातून एक धूर निघाला. मग तिनं करंगळी उचलून हळूच फुंकर घातली, तसा दुसरा धूर बुडातून खाली उतरला, पदरावरून घसरला आणि दोन्ही धूर दारातल्या उन्हात एकमेकांत मिसळले. मला देवळातल्यासारखं वाटलं. मी उभा राहिलो आणि हात कधी जोडले ते कळलंच नाही.

"आते, तुका ह्यां कसां येता?" एवढंच मी कसंबसं विचारलं.

"पाईप भरूचां काम माजां," ती म्हणाली. "वढल्याशिवाय पेटता काय तो? पयली वढ सगळी वर्सां माजीच."

आणि ती हसली. भाई, ते हसू मी कसं लिहू. मग ती बोलायला लागली. आप्पा रजेवर आले की दारापुढच्या खळ्यात कसे बसत, बोटीच्या भट्टीपुढे कोळसा ओढून त्यांची पाठ कशी भाजलेली असे, काय काय. बोलता बोलता ती उठून खळ्यात गेली. उंबरठा ओलांडला हे तिच्या ध्यानातही आलं नाही. आता रोज दुपार कलली की ती तिथं बसते. बायका सूप टाकून येतात, दत्ताराम हॉटेल सोडून येतो, आणि करंगळी उचलली की सगळे गप्प होतात. मी एकदा म्हटलं, भोक नीट बुजवून देतो. तर म्हणाली, "बुजव नको. हयसून तो श्वास घेता."

तेव्हा तो पाईप काही तुझ्या साहेबांना मिळायचा नाही. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुझा,
लवू

ता. क. साहेबांसाठी त्याच मुळाचा दुसरा पाईप केला, तो सोबतच्या पुडक्यात आहे. भोक जिथल्या तिथं. आतेनं ओढून पाहिला आणि "मुको आसा" म्हणून परत दिला. साहेबांना चालेल. सुतारखान्याचं विसरू नकोस.

ता. क. (२) खरं सांगायचं तर पत्र लिहिलं ते तंबाखूसाठी. डब्यातली, वासाची, आप्पा आणत तसली पाठव. माझ्या विड्या मोडून मोडून मीच तंबाखू सोडल्यात जमा आहे.

ता. क. (३) पत्र आतेला वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं आणि पुढचं शब्दाला शब्द लिहायला लावलं: "भाई, तंबाखूचां सगळां निमित्त. तू येवन जा. पण तंबाखू ईसारलंस, तर बंदरावरसूनच परत धाडतलंय."