मागच्या सीटखालचा वास

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून कागदावर गाठतोय. बाबांची गाडी गॅसवर, म्हणजे एलपीजीवर, करून घेतली. आईला डायलिसिससाठी सारखं गावाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं, पेट्रोल परवडेना. डिकीत टाकी बसली, स्टिअरिंगशेजारी एक बटण आलं. दाबलं की पेट्रोल, पुन्हा दाबलं की गॅस. चढावर गाडी जरा कुरकुरते, एवढंच. आई म्हणते, डिकी अशी गिळलेली पाहून बाबांनी माझ्याशी महिनाभर अबोला धरला असता.

तपासणी झाली आहे, पासही झाली आहे. आता तू ओरडायला मोकळी. भाचेमंडळींना गालगुच्चे. माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ओरडत नाही रे, घाबरलेय. तुझं पत्र ड्यूटीवर जाताना बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप मागे राहिला. मी जळिताच्या वॉर्डात नर्स आहे, हे तू सोयीने विसरतोस. आमच्याकडे येणारी माणसं शुद्धीवर आली की बहुतेक एकच सांगतात, की वास आला होता, पण वाटलं, जाईल.

तुझ्या मेहुण्यांनी मला समजावलं की हजारो गाड्या गॅसवर चालतात. चालत असतील. त्या हजारो गाड्यांत माझी आई बसलेली नाही. तिला धड उठून उभं राहता येत नाही, पळणार काय? तिच्या पाठीमागे टाकी आहे, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

काढून टाक म्हटलं तर तू ऐकणार नाहीस. मग एवढं तरी ऐक. वास आला तर एकही बटण दाबायचं नाही. काचेचं नाही, दिव्याचं नाही. आधी आईला बाहेर काढायचं. हे तिलाही वाचून दाखव. रागावू नकोस, मोठ्या बहिणीला घाबरायचा हक्क आहे.

तुझी,
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधीच सांगतो, आम्ही दोघं सुखरूप आहोत. आता बसून वाच.

काल हॉस्पिटलच्या तळघरात गाडी लावली. बाहेर ऊन होतं, आईला चालायला कमी पडावं म्हणून खाली नेली. इंजिन बंद केलं आणि वास आला. आईने कोंदट वाटतंय म्हणत काच खाली करायला बटणाकडे हात नेला. मी तिचं मनगट इतक्या जोरात धरलं की अजून वळ आहे. तेवढ्यात माझी नजर छताकडे गेली. दार उघडलं की तिथला दिवा आपोआप लागतो. ताई, मी हँडलवर हात ठेवून नुसता बसून राहिलो. उघडायची हिंमत होईना, बसायची होईना. वास मागच्या सीटखालून वर चढत होता. तुझ्या वॉर्डातली माणसं डोळ्यांपुढे आली. शेवटी आईच म्हणाली की बसून तो कमी होणार नाहीये, उघड.

उघडलं. दिवा लागला. काही झालं नाही.

तिला पाठीवर घेतलं आणि उतारावरून वर पळत सुटलो. समोरून एक जण स्कूटर घेऊन खाली येत होता, त्याच्यावर मी असा किंचाळलो की तो गाडी आडवी टाकूनच पळाला. कुणीतरी खाली जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. अग्निशमनवाले आले, तळघर रिकामं केलं, पंखे लावून हवा बाहेर काढली. गाडीखालच्या तांब्याच्या नळीचा सांधा सैल झाला होता. हा गॅस हवेहून जड असतो, तळघरात साचून राहतो, हेही मला तिथेच कळलं. आईचं डायलिसिस उशिरा का होईना, झालं.

तुला हवं ते बोल. या खेपेला उलट बोलणार नाही.

तुझा,
धाकटा

२७ एप्रिल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, लावून घे. तुझ्या भावाने लिहिलेलं पत्र मी वाचलं. 'कुणीतरी' खाली गेलं म्हणे! कोण जाणार होतं? वॉचमनसकट सगळे रस्त्यापलीकडे पळाले होते. मला बाकावर टेकवून हाच परत खाली गेला. तो वर येईपर्यंत मी मनात काय काय पाहिलं, ते तुला सांगता येणार नाही. तो आला तेव्हा ओठ पांढरेफटक, आणि मला विचारतो कसा, की पाणी हवंय का.

नवी नळी बसवली, साबणाचं पाणी लावून सगळे सांधे तपासले, पुन्हा पास करून घेतली. पण हा गाडीत बसेना. रोज अंगणात चारी दारं उघडून वास घेत उभा राहायचा आणि डायलिसिसला मला टॅक्सीने न्यायचा. किल्ली हातात घेतली की घाम फुटायचा.

आज सकाळी म्हणाला, मी एकटाच चालू करून बघतो, तू फाटकाबाहेर थांब. मी बरं म्हटलं. तो बॉनेटमध्ये वाकलेला बघून भिंत धरत धरत गेले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. बसताना मीही आधी वास घेऊन पाहिला, हे त्याला कळवू नकोस. तो आत येऊन बसला, आरशात मी दिसले. मला वाटलं, आता चिडेल. पण त्याने मला सीटबेल्ट लावायला सांगितलं आणि किल्ली फिरवली.

जपून राहा. तुमच्या सगळ्यांवर जीव आहे तो आहेच.

तुझी,
आई