तार आवळल्यानंतरचे चार दिवस

प्रिय तिरिल,

दुखतंय ना अजून? मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भर, तार टोचते तिथे मेण दाबून बसव, कुरकुरीत पाव दोन दिवस विसर. हे मी तुला मार्चमध्ये तारा बसवल्या तेव्हाच सांगितलं होतं. माझ्या दातांना तारा आधी लागल्या, म्हणून मी मोठी तज्ज्ञ. तुझी आईसुद्धा म्हणायची, "दवाखान्यात कशाला फोन करतेस, हेड्डाला विचार की!"

खरं सांगू? तारासुद्धा तुलाच शोभतात. मी हसले की वर्गात, "काय गं, कुंपण घातलंस?" तू हसलीस की, "अय्या, किती गोड!" दुसरीत असताना आपण दोघींनी शाळेच्या बॅन्डमध्ये एकाच दिवशी कॉर्नेट, ते छोटं पितळी तुतारीसारखं वाद्य, हातात घेतलं. पण सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत एकटीने वाजवायचा तुकडा आपल्या बॅन्डच्या स्टाइनार सरांनी, म्हणजे स्टाइनारने, तुला दिला. वर मला म्हणतो, "तू तिच्या मागे भक्कम उभी राहा हं." मागे! आठ वर्षं मी बॅन्डमध्ये दुसरं काय करतेय?

मग तू विचारलंस, "पंधरा तारखेला तार आवळायला बोलावलंय. पुढे ढकलू का गं?" मी तुझ्याकडे न बघताच म्हणाले, "छे! एक संध्याकाळ ठणकतं. मग वाजव खुशाल."

काल सकाळी शाळेच्या अंगणात सगळे गणवेशात, झेंडे वर, आणि तू कॉर्नेट ओठाला लावलंस की डोळ्यांत पाणी. तीनदा बघितलंस लावून. शेवटी तो तुकडा मी वाजवला. रस्ताभर टाळ्या. आणि तू सुजलेल्या तोंडाने मला मिठी मारलीस, "बरं झालं बाई तू होतीस." इतका राग आला तुझा! तुला साधं जळताही येत नाही.

मिरवणूक संपल्यावर स्टाइनार म्हणाला, तिरिल बॅन्ड सोडतेय, परवा कॉर्नेट परत आणून देणार. "हेड्डाला एका संध्याकाळीत जमतं, मीच नाजूक," असं म्हणालीस म्हणे. म्हणून लिहितेय. मला चार दिवस लागतात, तिरिल. दर वेळी. उशीत तोंड खुपसून रडते, नुसती लापशी गिळते, पाचव्या दिवशी कुठे फुंकता येतं. हे माहीत असूनच तुला 'एक संध्याकाळ' म्हणाले. स्टाइनारला मी आज सांगणार आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण उद्या ते कॉर्नेट परत द्यायला जाऊ नकोस.

तू म्हणशील तरच तुझी,
हेड्डा