चौदा हजार

३ मार्च, मंगळवार

आला! डाव्या पोटरीवर लाल ठिपका. टाचणीच्या डोक्याएवढा. दाबला तरी पुसट होत नाही. दोन वर्षं सात महिने काही नव्हतं. मी मूर्ख, विसरायलाही लागले होते.

माझं शरीर माझ्याच रक्तातल्या, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट खातं. शत्रू बाहेरचा असता तर चार शिव्या तरी घातल्या असत्या! मागच्या वेळी सहा हजारांवर आल्या होत्या. दीड लाख तरी हव्यात. हिरड्यांतून रक्त, स्टेरॉइडच्या गोळ्या, तोंडाचा भोपळा. रक्ताचे डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, "परत उलटला तर प्लीहा काढू. त्यानेही थांबेलच असं नाही." म्हणजे संपलंच की.

नवऱ्याला सांगितलं नाही. मागच्या आजारपणात माझ्यापेक्षा तोच वाळला होता.

४ मार्च, बुधवार

लॅबमध्ये गुपचूप स्वतःचंच रक्त काढलं. पंधरा वर्षं लोकांना टोचतेय, आज दंडाचा पट्टा दातांनी ओढावा लागला. शिवणकाम करणाऱ्या आजी नुकत्याच रक्त देऊन उठल्या होत्या — सोमवारी दाढ काढायचीय म्हणून तपासणी. "तुझा हात हलका आहे गं बाई," म्हणाल्या. बाहेर ही रांग, आतून मॅडमच्या हाका. दोन्ही नळ्या एप्रनच्या खिशात टाकून पळाले. लेबलं मशीनपाशी लावली. माझ्या नळीवर खोटं नाव.

चौदा हजार.

थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिला. प्लेटलेट शोधून सापडेनात. पुन्हा तपासायचा धीर झाला नाही. त्यात हिमोग्लोबिन साडेनऊ! एवढंच बाकी होतं.

आजींचं सगळं झकास. दोन लाख दहा हजार, तेही सत्तरीत! जळफळाट झाला माझा. रिपोर्ट पाठवून दिला.

५ मार्च

दात घासले नाहीत. रक्त दिसेल म्हणून.

७ मार्च, शनिवार

नणंद विचारते, "गप्प का गं एवढी? भांडलात की काय?"

मुलीच्या शाळेचे कागद वेगळ्या पिशवीत काढून ठेवले. तिच्या बाबाला कुणाला न विचारता सापडले पाहिजेत. त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

"काय चाललंय तुझं?" तो दारातून.

"आवराआवर."

"चार दिवस तेच चाललंय!"

कपाटात तोंड खुपसून उभी राहिले, तो जाईपर्यंत. मला मरायचं नाहीये. पुन्हा ते सगळं सोसायचंही नाहीये. काय करू?

८ मार्च

नवीन ठिपका नाही. म्हणून काय झालं? येईल.

१० मार्च, मंगळवार

शेवटी रक्ताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तिथेच रक्त घ्यायला लावलं. तासाभराने हाक मारली. दोन लाख तीन हजार!

"अहो, हा ठिपका म्हणजे डास चावलाय. आणि हा चौदा हजारांचा कागद कुणाचा उचलून आणलात?" हसत होते. मीही हसले. मग तिथेच त्यांच्यासमोर भडभडून रडले. जिन्यात बसून नवऱ्याला फोन केला, एका दमात सगळं सांगितलं. "वेडी आहेस का गं!" म्हणाला.

बसमध्ये बसल्यावर डोक्यात आलं. चौदा हजार माझे नाहीत, तर मग कुणाचे?

खिशात दोन नळ्या होत्या. दोन्ही बिनलेबलाच्या. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी मी दटावते — पेशंट समोर असतानाच लेबल, मगच जागचं हलायचं. आणि मीच!

दाढ काल काढायची होती.

त्याच दिवशी, दुपारी दोन

फोन आजींच्या मुलाने उचलला. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून कापूस आण!"

"बरं झालं तुम्हीच केलात," तो म्हणाला. "आईचं रक्त कालपासून थांबतच नाहीये हो. पण दातांचे डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, रिपोर्ट अगदी चांगला आहे."