बाबांची झाडं

आईस, दुरूनच पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

इथे वणव्याची तयारी चालू आहे. आग वस्तीत शिरू नये म्हणून उन्हाळ्याआधी जंगलात झाडं तोडून मोकळा पट्टा काढतात. यंदाचा पट्टा नेमका बाबांनी नोकरीत असताना लावलेल्या झाडांतून गेला. साहेब म्हणाले, "तुम्ही नका जाऊ, दुसऱ्याला पाठवतो." मीच गेले. तोडायच्या झाडांवर परक्यापेक्षा घरच्याने खूण केलेली बरी. रंग अजून नखांतून जात नाही.

अंथरुणावरून बाबा अजून रोज विचारतात ना गं? झाडं उभी आहेत म्हण. फोनवर माझ्याच्याने ते बोलवणार नाही, म्हणून हे पत्र.

तुझी,
धाकटी