तेल लावलेली फळी

१९ नोव्हेंबर १९७३, सोमवार
होडी आली. बैलगाडीवर उलटी घालून, दोरांनी आवळून. मागे अर्धी आळी. धरणाच्या कामावर साहेब लोक तीतून पाणी मोजत फिरायचे. मग दोन पावसाळे उघड्यावर पडली, मोडीत निघाली, ती ह्यांनी घेतली. लाकडाची नाही, पत्र्याची नाही. काचेच्या धाग्यांचं कापड आणि राळ, त्याला फायबर म्हणतात. शेजारच्या गंगूबाई म्हणाल्या, "काचेची हाय म्हंता, मंग धोंडा लागला म्हंजे?"
हे म्हणाले, "दीड महिन्यात पान्यावर. सुमनला हिच्यातनंच आनतो."
आमच्या लेकीचं, सुमनचं, पहिलं बाळंतपण. सासर धरणाच्या पाण्यापलीकडे. समोर दिसतं, पण गाडीवाटेने चौदा कोस, सगळे दगडगोटे. मागच्या वर्षी तिच्या जावेचं बाळ गाडीतच गेलं, दवाखान्याच्या वाटेवर. त्या दिवसापासून ह्यांच्या डोक्यात होडी.
अंगणात तुळशीला वळसा घालून जावं लागतं आता.

२४ नोव्हें.
राहुरीहून इस्माईलभाई आले. धरणावर हीच होडी ते चालवायचे, डागडुजीही तेच करायचे, हे तिथेच पंपावर फिटर. दोघांचं काम एकदमच सुटलं. आल्या आल्या होडीत चढले. तिसऱ्या पावलाला पाय घोट्यापर्यंत आत.
"भाऊ, ह्यो डेक न्हाई, खरवस हाय!"
हसले दोघं. मला नाही हसू आलं.
वरचं कापून काढलं. आतली लाकडं हाताने निघाली, भिजलेल्या तंबाखूसारखी. मागची उभी फळी, जिच्यावर मोटार टांगायची, ती तर वरून चकचकीत आणि आतून नुसता चोथा. अकरा घमेली परसात नेऊन टाकली. वास अजून नाकात आहे.
सगळं नवं करायचं. मागची फळी आधी, मग डेक.

२९ नोव्हें., मार्गशीर्षातला पहिला गुरुवार
घट मांडला. कहाणी वाचताना लक्ष नव्हतं, देवी क्षमा करो.
सुमनची चिठ्ठी आली, दुधाच्या तरफ्यावरून. पाय सुजतात. नर्सबाई म्हणाल्या, गाडीचा हादरा अजिबात नको. तरफा म्हणजे रिकाम्या पिंपांवर बांधलेल्या फळ्या. त्यावर दुधाच्या किटल्या येतात, पोटुशी बाई कशी येईल.
खाली विहीणबाईंनी लिहवून घेतलेलं: न्यायची तर सातव्यात न्या. आठव्यात पान्यावरनं लेकरू न्हेऊ द्यायची न्हाई.
त्यांचं चूक नाही. आमच्यातही आठव्यात वाहतं पाणी ओलांडत नाहीत. आठवा लागतो संक्रांतीच्या लगेच पुढे. नववा लागेपर्यंत थांबलं आणि मधेच काही

३ डिसें.
नगरहून प्लायवूड, राळेचे डबे, काचेचं कापड परवाच आलं. खर्च पुढच्या पानावर. ह्यांचे कपडे धुतले तर काचेची कुसळं माझ्या हातात शिरली. दिसत नाहीत, भाकरी थापताना कळतात. इ. भाई म्हणाले, "वहिनी, थंड पान्यानं धुवा, चोळू नका." आता दोन दिवसांनी सांगतात.

६ डिसें., दुसरा गुरुवार
नवी फळी बेतून झाली. जागेवर उभी करून पाहिली, बरोबर बसली. दुपारी कापड चढवायचं होतं. मधे दोघं फळी आवळून धरायचे शिकंजे आणायला लोहाराकडे गेले.
घरात पूजा झाली होती. म्हटलं, नवी वस्तू तेल-हळद लावल्याशिवाय कशी वापरायची. उंबऱ्याला लावतो, जात्याला लावतो, गाडीच्या जुवाला लावतो. करडईचं तेल घेतलं. पाच बोटं ओढली, मधे स्वस्तिक काढलं. लाकूड तहानलेलं, तेल पीत गेलं. मग आत-बाहेर, पोचेल तिथवर फळीवर तेलाचा हात फिरवला, बाळाला लावावं तसं. म्हटलं, बाई, माझी लेक सांभाळून आण.
हे कोपऱ्यावर दिसले तसं पदराने पुसून काढलं. कामात असलं काही केलेलं ह्यांना चालत नाही. थोडा पिवळेपणा राहिला, पण प्लायच्या रंगात कळला नाही कुणाला.
संध्याकाळी फळीला दोन्ही बाजूंनी काचेचं कापड, वर राळ. मन निवांत आहे आज.

१० डिसें.
थंडी फार. राळ वाळेना, बोट लावलं की गुळाच्या पाकासारखी ओढते. ह्यांनी खाली शेगडी ठेवायची काढली. इ. भाई ओरडले, "घर पेटवतोस का काय? उन्हाची वाट बघ की." तेव्हा उन्हाची वाट बघणं चालू आहे.
काल दत्तजयंती झाली. प्रसादाच्या सुंठवड्यालाही राळेचाच वास.

१७ डिसें.
डेक झाला! खाली आडव्या पट्ट्या, वर प्लाय, वर कापड. हे त्यावर नाचले. मला म्हणाले, "चढ, फुगडी घाल."
"ह्या वयात?"
"मग कंदी?"
चढले. फुगडी नाही घातली, पण पायाखाली दगडासारखं घट्ट लागलं. किती दिवसांनी ह्यांना गुणगुणताना ऐकलं. वर्षभर काम नाही म्हणून मान खाली होती.

२२ डिसें., शनिवार
काय लिहू.
सकाळी इ. भाई हातोडीच्या दांड्याने होडी ठोकून बघत होते. डेकवर टक टक. मागच्या फळीवर आले आणि आवाज बदलला. परत ठोकलं. ढब ढब.
"भाऊ, हितं पोकळ हाय."
सुरीचं टोक कडेने घातलं. काचेचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून वर आला. वीतभर. खाली लाकूड स्वच्छ, राळ चिकटलेलीच नाही. इ. भाईंनी लाकडाला बोट लावलं, नाकाशी नेलं.
"तेलकट लागतंय. राळ सगळ्याला धरती, तेलाला न्हाई धरत. हात कुनाचा तेलकट हुता?"
हे उसळले. "कुनाचा म्हंजे? दिसभर मोटारीत हात तुझा. ग्रीस तुझं."
"मी हात धुऊन लावतो. धा वर्सं लावतोय."
"मंग काय भुतानं लावलं?"
इ. भाईंनी हत्यारं पिशवीत भरली. चहा न घेताच गेले. मी दारात, कप हातात. तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

२५ डिसें.
सांगितलं नाही.
हे बाहेर गेले की मी बोटाच्या पेराने फळी ठोकते. स्वस्तिक काढलं ती जागा पोकळ. पाच बोटांच्या रेघा पोकळ. खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे माझा हात पोचला नव्हता, तिथे मात्र घट्ट.
मॅट्रिक झालेली बाई मी. तेलावर पाणी ठरत नाही हे शाळेत शिकले. तेव्हा डोक्यात का आलं नाही. लाकूड बघितलं, राळ बघितली नाही.
देवीसमोर बसवत नाही. कशाची क्षमा मागायची, पूजा केली त्याची?

३० डिसें.
ह्यांनी एकट्यानेच उपाय काढला. सुटलेला थर दाबून आरपार सहा बोल्ट मारले, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या. "बोल्ट हायेत म्हनल्यावर राळंचं काय काम." मी विचारलं, बोल्टाच्या भोकातून पाणी आत नाही का जाणार? "डांबर भरलंय."
आज पाण्यात घातली. मोटार लावली. काठाकाठाने हाकेच्या अंतरापर्यंत जाऊन आले. चालली. लोकांनी नारळ फोडला. हे खाली उतरले तर चेहरा लहान पोरासारखा. मी मागे जाऊन पाहिलं. मोटारीच्या हादऱ्याने वरच्या बोल्टाशेजारी केसाएवढी रेघ. ह्यांना दाखवली. "रंगाची हाय ती."
म्हटलं, वल्ही मारत जा ना, मोटार नको. "ही वल्ह्याची होडी न्हाई. मधे वारं लागलं तर धरणाच्या भिंतीकडं न्हेऊन आपटंल."

५ जानेवारी १९७४
विहीणबाईंचा निरोप: बारा तारखेपर्यंत न्या. तेराला भोगी, चौदाला संक्रांत, पंधराला कर. करीला कुणी लेक पाठवत नाही. पुढं आठवा.
सुमनने वेगळ्या कागदावर लिहिलंय: आई, बाबांची होडी आमच्या ओट्यावरून दिसली. सगळ्यांना दाखवली.

८ जाने., मंगळवार
बाजाराचं निमित्त करून राहुरीला गेले. इस्माईलभाईंच्या घरी. त्यांच्या बायकोने बसायला चटई टाकली. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, तेल मी लावलं म्हणून. सगळं सांगितलं, स्वस्तिकासकट.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "वहिनी, आमी बी पयल्या दिशी फातेहा पढला हुता होडीवर. पर लांबनं! हात न्हाई लावला!"
त्यांची बायको म्हणाली, "अहो, रडतीया ती, हसता काय."
मग म्हणाले, बोल्टाने लाकूड धरलंय, पण कापड सुटं आहे. हादऱ्याने पाणी शिरत राहणार. एक फेरी टिकेल, दहा टिकतील, सांगता येत नाही. खरा उपाय एकच, सगळा थर सोलायचा, लाकूड तासायचं, परत चढवायचं. ऊन असलं तर आठ दिवस.
आठ दिवस कुठून आणू.
"भाऊला तुमीच सांगा. मी सांगितलं तर त्याला वाटंल, मी आपलं बालंट वहिनीवर ढकलतोय."

९ जाने.
जेवायला वाढताना सांगितलं. तेल मी लावलं. इस्माईलभाईंचा हात नव्हता.
हे जेवत राहिले. भाकरी संपवली, ताक प्यायले, ताटात हात धुतला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडायला हवे होते.
म्हणाले, "देवाचं म्हनून लावलंस ना?"
"हो."
"मंग देव धरील ती फळी."
आणि उठून गेले.
नाही धरणार, असं माझ्या तोंडून कसं निघेल. रोज दिवा लावणारी मी. आणि धरील असंही म्हणवेना. मोरीत नेऊन त्यांचं ताट घासलं.

१० जाने.
परत विषय काढला. नववा लागेपर्यंत थांबू म्हटलं. हे म्हणाले, "जावंचं विसरलीस का? पाय सुजलेत तिचे." विसरले नाही. थांबलं तर ते, नेलं तर हे. दोन्हीकडून पोर माझीच.
शेवटचं म्हटलं, मी येते होडीत. "वजन वाढंल." हेही खरंच.

११ जाने.
न बोलावता इ. भाई आले. खांद्यावर ट्रकच्या दोन ट्यूब, फुगवलेल्या. ह्यांनी वर पाहिलं नाही, ते बोल्ट आवळत होते. इ. भाई बसले, दुसरा पाना उचलला.
मग हे म्हणाले, "ग्रीस म्हनलो ते मागं घेतो."
"घे. आनि उद्या मोटार मी धरनार. तू मदी बस, पोरीपाशी."
"माझी होडी हाय."
"व्हय, पर मला हिचं कन्हनं कळतं."
मी पिठलं टाकलं. दोघंही पोटभर जेवले. जाताना इ. भाई मला हळूच म्हणाले, फळी केसभर हलली तरी परत फिरवीन.

१२ जाने., शनिवार
सकाळी नऊला निघाले. ट्यूबा आत टाकल्या. पाणी काढायला घमेलं दिलं. फळीला हात लावला नाही मी, नमस्कारही लांबूनच केला. पाणी शांत होतं. आवाज टेकडीआड जाईपर्यंत ऐकला. पलीकडची उंचावरची घरं इथून दिसतात, पण त्यांचा काठ टेकडीमागे, तिथून पुढे होडी दिसत नाही.
वही बरोबर आणलीय. काठावर बाभळीखाली बसलेय.
बारा. आता पोचून जेवणं चालली असतील. विहीणबाई जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. गोड करतील, त्याला वेळ लागतो.
दीड. मग ओटी भरायची. आळीतल्या बायका बोलावणार, त्या सावकाश येणार. सुमनला रडू येणार. तास धरू.
तीन. वारं सुटलं. इ. भाई वारं पडेपर्यंत थांबतील, शहाणे आहेत. थांबले असतील. आत्ता निघालेच नसतील.
दुधाचा तरफा आला मघाशी. तरफेवाल्याला विचारलं. म्हणाला, मी खालच्या अंगानं आलो, तिकडं न्हाई बघितलं.
साडेचार. वारं कमी आहे. निघाले असतील तर अर्ध्या तासात टेकडीच्या ह्या बाजूला यायला हवेत. मधेमधे पाणी उपसत यायचं तर हळू येतील, पाऊण तास. सुमनला मळमळलं तर मोटार बंद ठेवून थोडं थांबतील, आणखी पंधरा मिनिटं.
सव्वापाच. जेवण, ओटी, रडणं, वारं, उपसणं, मळमळ. सगळं धरून साडेपाचपर्यंतचा वेळ कसाबसा लागतो. त्यापुढे घालायला माझ्याजवळ काही नाही. गंगूबाई बोलवायला आल्यात, दिवेलागणीला घरी चल म्हणतात. त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, माझ्या उंबऱ्यात दिवा तुम्हीच लावा. तेल कोनाड्यात आहे.