तुळजाबाईच्या नावावर

मी, हवालदार (निवृत्त) मार्तंड रंगनाथ तौर, वय ७२, राहणार शहागड, तालुका अंबड, जिल्हा जालना, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय तेवढे शाबूत नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट लिहू नका म्हणून मुलाने आठ दिवस माझे डोके खाल्ले.

१. फौजेचे कागद, पेन्शन, बँक आणि आधार कार्ड, सगळीकडे माझ्या पत्नीचे नाव सगुणाबाई असे आहे. ते खरे नाही. सगुणा ही माझी पहिली बायको. ती १९७९ साली काविळीने गेली, तेव्हा आमची शैला नऊ महिन्यांची होती. तार मिळून मी घरी पोहोचलो तोवर दहावा उरकला होता. लेकराला कोण बघणार म्हणून त्याच सुट्टीत सगुणाची धाकटी बहीण तुळजाबाई हिच्याशी माझे लग्न लागले. शेहेचाळीस वर्षे माझा संसार जिने केला ती ही तुळजाबाई.

२. लग्नात सुनेचे नाव बदलायची आमच्या घरात रीत आहे. माझे थोरले बंधू भुजंगदादा म्हणाले, “हिचं बी सगुणाच ठेवू. तुझ्या कार्डावर बायको लिवलीय, घरात बायको हाय. बराबर झालं! कशाला लिखापढी?” मी मान डोलावली. सुट्टी संपत आली होती, असे मी आजवर सांगत आलो. खरे कारण लाज. बायको जाऊन महिना झाला नाही तोच हा दुसरी करून आला, असे पलटणीत कोणी म्हणू नये, म्हणून सगुणाच्या मरणाची खबर मी दिलीच नाही. पुढे हजेरीला दुसऱ्याच्या नावावर ‘हाजिर’ म्हणणाऱ्या एका जवानाला मी पाठीवर ओझे देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. त्याचे मला आज वाईट वाटते.

३. घरात आणि गावात ती तुळजाच राहिली. सरकारी दारात मात्र सगुणा. मिलिटरीच्या दवाखान्यात तिच्या ऑपरेशनच्या वेळी “सगुणाबाई” म्हणून तीनदा पुकारा झाला आणि ही बाकावर तशीच बसून राहिली, नंबर गेला. दर वर्षी अविधवा नवमीला ती बहिणीच्या नावाने पान वाढते, आणि त्याच महिन्यात बँकेत बहिणीच्याच नावाची सही करते. गेल्या नवमीला पान वाढून झाल्यावर ती मला म्हणाली, “अहो, मी मेल्यावर कागदावर कोण मरंल? ताई तर एकदा मेलीच की. मंग तुळजा कोण व्हती?” त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेले नाही.

४. सगुणाच्या मृत्यूची नोंद आणि माझे प्रतिज्ञापत्र मी गेल्या महिन्यात जालन्याच्या सैनिक कचेरीत दिले आहे. उत्तर आलेले नाही. मुलगा कल्याण, जो जालना एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये आहे, तो म्हणाला, “अप्पा, इतकी वर्सं झाकून राह्यलं, आता कशाला उकरून काढता? तुमच्या मागं आईची पेन्शन अडली मंग?” त्याचे म्हणणे चूक नाही. गप्प राहिलो असतो तर तिला पेन्शन बिनबोभाट मिळाली असती. आता मिळेल की नाही ते मी सांगू शकत नाही, आणि मला त्याची फार भीती वाटते.

५. म्हणून शहागडचे घर, गोदाकाठचे अडीच एकर पाइपलाइनसह आणि बँकेतील ठेव असे सगळे तुळजाबाईला, तिच्या खऱ्या नावाने, पूर्ण मालकीने देतो. पेन्शन अडली तरी तिने कोणाच्या तोंडाकडे बघू नये. कल्याण, तू रागावशील. रागव, पण आईला जालन्याला नेतो म्हणून जमीन विकायला लावू नकोस.

६. माझी पदके आणि ट्रंक शैलाला. ट्रंकेत सगुणाचा एकुलता एक फोटो आहे. मावशीला ‘आई’ म्हणताना तू कधी अडखळली नाहीस, शैला, त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

७. भुजंगदादा हयात नाहीत. दोन दिवसांसाठी म्हणून नेलेला माझा फौजी कोट त्यांनी वीस हिवाळे घातला. कोट माफ. सल्ला माफ नाही, पण तो ऐकणारा मी होतो.

८. तुळजाबाई जाईल तेव्हा दाखल्यावर तिचेच नाव घालावे. ही माझी विनंती नाही, हुकूम आहे.

येथवर मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

मार्तंड रंगनाथ तौर (सही)

साक्षीदार:
१. धम्मपाल खरात, निवृत्त नाईक (सही)
२. वसंता ढवळे, शेजारी (सही)

शहागड, १२ जानेवारी २०२६

सहीनंतरची नोंद: मृत्युपत्र तुळजाबाईला वाचून दाखवले. ऐकल्याची खूण म्हणून तिला सही करायला सांगितले. तिने ‘सगुणा’ लिहिले, पाहिले आणि खोडले. तिला तेवढीच सही येते. मीच शिकवली होती. खाली तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे.