संपलेलं रीळ

बोईसर, रविवार, १२ नोव्हेंबर १९६७

वसंताचा नवा कॅमेरा घेऊन सकाळी आम्ही दोघे सायकलींवरून नवापूरला गेलो. वाटेत मीच हट्ट धरला, सायकलसोबत माझे फोटो काढ म्हणून. माझ्याच फोटोंत रीळ संपलं. हसलोसुद्धा!

किनाऱ्यावर गर्दी होती. बुडालेल्या एका कोळ्याला नुकतंच बाहेर काढलं होतं. त्याच्या बायकोला कॅमेरा दिसला.

"भाऊ, यांचा एक फोटो काढा. घरात एक पन नाय."

तिने पदराने त्याच्या तोंडावरची वाळू पुसली. रीळ संपलंय, हे सांगायला माझी जीभ रेटेना. वसंताने कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं.

"कवा मिलेल?"

"पुढच्या रविवारी," वसंता म्हणाला.

परतताना एकच मनात येत होतं. माझे ते सगळे फोटो... कशाला काढून घेतले मी? रविवारी ती वाट पाहील. कोणत्या तोंडाने जाऊ?